‘पटवणे’ या क्रियापदाचं समाजशास्त्र

विषय जरा अडचणीचा आहे, म्हणून एका शब्दापासून सुरुवात करू. ‘पटवणे’. आता यातलं व्याकरण बघा. ‘तिला पटलं’ म्हटलं, की विचार करणारी ती. ‘त्यानं पोरगी पटवली’ म्हटलं, की सगळं कर्तृत्व त्याचं, ती नुसतं कर्म. दुसरा शब्दप्रयोग बातम्यांमधला : ‘फूस लावून पळवून नेले’. म्हणजे पारावरची पोरं आणि मुलीचे वडील, दोघांचं एका बाबतीत एकमत आहे. मुलीला स्वतःचं मन नसतं!

आता आकडे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली होत्या १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ८०७. ती मुलं आता लग्नाच्या रांगेत आहेत किंवा लवकरच येतील. भोकरदन असो की घनसावंगी, स्थळ बघताना पहिला प्रश्न एकच, ‘पोरगा नोकरीला आहे का?’

गुटेनटाग आणि सेकॉर्ड या अभ्यासकांनी १९८३ च्या ‘टू मेनी वुमन?’ या पुस्तकात एक वादग्रस्त मांडणी केली. बायका संख्येनं कमी असल्या की नातं जुळवताना एकेकीचं पारडं जड होतं. पण कायदा, जमीन, पैसा पुरुषांच्या हातात असेल, तर ती सत्ता बायकांवर बंधनं घालायला वापरली जाते. ‘हा तर प्रेमाचा बाजारभाव झाला’ असा आक्षेप यावर घेता येतो. तो रास्तही आहे. तरी आपल्याकडचं चित्र समजायला याची मदत होते.

कशी, ते सांगतो. ठरवून होणाऱ्या लग्नाचं दार बंद, म्हणून पोरगा मोबाईलकडे वळतो. मुलींशी साधं बोलायची सवय त्याला कुणी लावलेली नाही. त्याचे गुरू म्हणजे सिनेमा आणि रील्स. तिथं नायक पाठलाग करतो आणि शेवटी नायिका हसते. २०१३ पासून असा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे, पण पारावर अजून त्याला हिंमत म्हणतात.

आता मुलीच्या बाजूनं बघा. तिनं घरी सांगितलं, तर पोराला कुणी जाब विचारण्याआधी तिची शाळा बंद होते. फोन जातो, स्थळं बघणं सुरू होतं. म्हणून ती गप्प बसते. आणि तो त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘होकार’ असा लावतो. म्हणजे घरचं बंधन आणि बाहेरचा पाठलाग एकमेकांना खतपाणी घालतात.

भारतीय न्याय संहितेचं कलम ६९, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. लग्न करायचंच नसताना तसं वचन देऊन शरीरसंबंध ठेवले, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. फसवणुकीला शिक्षा हवीच. पण इथंही बाई ‘फसवली जाणारी’ म्हणूनच दिसते, असं काही स्त्रीवादी म्हणतात. त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे. तक्रार केली म्हणून मुलीची शाळा सुटणार नाही, एवढी हमी आधी घरानं द्यावी. ‘नाही’ मोकळेपणानं म्हणता आलं, तरच तिच्या ‘हो’ला अर्थ येतो. मग ‘पटवली’ नाही, ‘तिला पटलं’ असं म्हणता येईल.

आता प्रश्न घेऊ.