दारिद्र्याचे निदान : कूटदन्त सुत्ताच्या प्रकाशात

भंडारा जिल्ह्यातील आंबागड हे गाव गोंडकालीन किल्ल्यासाठी परिचित आहे. त्याच्याच तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. भूगर्भात संपत्ती आहे. तथापि धानाची कापणी संपली, की शेतमजुरासमोर कामाचा प्रश्न उभा राहतो. संपन्न भूमी आणि निर्धन माणूस ही विसंगती केवळ या परिसराची नव्हे. कच्चा माल पुरविणाऱ्या अनेक विकसनशील राष्ट्रांची ती व्यथा आहे.

या व्यथेचे निदान दीघनिकायात आढळते. कूटदन्त सुत्तातील राजा महाविजित महायज्ञ करू इच्छितो. राज्यात मात्र चोरांचा उपद्रव आहे. वध किंवा बंधन यांनी तो शमणार नाही, असे पुरोहित सांगतो. कृषी व गोरक्षण करणाऱ्यांना बीज व अन्न, व्यापाऱ्यांना ‘पाभत’ म्हणजे भांडवल आणि राजसेवकांना ‘भत्तवेतन’ द्यावे, हा त्याचा उपाय होय.

चक्कवत्तिसीहनाद सुत्तातही राजा धन देतो. परंतु ते चोरी करून पकडल्या गेलेल्याला देतो. परिणामी चोरी वाढते, पुढे शस्त्र आणि हिंसा येते. दोन्ही सुत्ते एकत्र वाचली असता आम्हांस असे दिसते, की अनर्थ घडल्यावर दिलेली मदत आणि उपजीविकेची साधने आधीच सर्वांपर्यंत पोहोचविणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली तात्पुरती मलमपट्टी, दुसरी राज्याचे कर्तव्य.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखवून दिले, की खरा रोग जमिनीच्या तुकड्यांत नसून शेतीवर पडलेल्या अतिरिक्त मनुष्यबळाच्या भारात व भांडवलाच्या अभावात आहे. त्यावरील उपाय औद्योगिकीकरण होय. याच्याशी निकटचा सिद्धान्त आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढविली, हेही येथे स्मरणीय आहे.

मात्र उद्योग आला म्हणजे समता आली, असे नव्हे. ज्या समाजात जन्मावरून काम ठरते, तेथे नवी संपत्तीही जुन्याच उतरंडीने वाटली जाते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगतीविषयी इशारा दिला होता. म्हणून विकासाची कसोटी खाणीतून किती खनिज निघाले ही नव्हे. ते काढणाऱ्या हातांना पुरेसे वेतन, शिक्षण आणि प्रतिष्ठा मिळाली काय, हा प्रश्न आपण प्रत्येक योजनेला विचारला पाहिजे.