कृत्रिम पाय : एक नग

मांडीतून पाय गेलेल्या माणसाला नवा पाय बसवून मिळतो, तेव्हा त्याच्या हाती जी पावती येते तिच्यावर पुष्कळदा एवढेच लिहिलेले असते : 'कृत्रिम पाय, एक नग.' दुकानातून बादली आणली तर ही भाषा चालून जाईल. पण गुडघ्याच्या वर बसवावयाचा पाय हा एक जिन्नस नव्हे. त्यात जमिनीला टेकणारे पाऊल असते, मधली नळी असते, गुडघ्याचा सांधा असतो, आणि सर्वांत वर, मांडीचा उरलेला खुंट ज्यात शिरतो ते सॉकेट असते. पहिल्या तीन वस्तू बहुधा कारखान्यातून तयार येतात. सॉकेट मात्र ज्याचे त्याचे. शेजाऱ्याचे सॉकेट शेजाऱ्यालाच. आज आम्हाला बोलावयाचे आहे ते या सॉकेटाविषयी : त्याची जात कशी ओळखावी, आणि बिलात ते कसे लिहिले जावे.

पाचोडकरांना हा विषय दूरचा वाटू नये. धुळे-सोलापूरचा हमरस्ता आपल्या गावावरून जातो, आणि रस्त्यावरचे अपघात काय नेतात हे येथे सांगावयास नको. मधुमेहाने पायाची जखम चिघळून पाय काढावा लागण्याचे प्रसंगही खेड्यापाड्यांत घडतात.

ज्यांनी बैल जुंपले आहेत त्यांना सॉकेटाचे मर्म लवकर कळेल. जू नीट बसले नाही की बैलाची खांद सोलते, आणि मग गाडी कितीही चांगली असो, ती जागची हालत नाही. सॉकेटाचेही तसेच आहे. तळपायाची कातडी शरीराचे ओझे सोसण्यासाठीच घडलेली आहे. मांडीची तशी नाही. कापलेल्या हाडाच्या टोकावर भार देता येत नाही. मग शरीराचा भार टेकवावयाचा कोठे? या एका प्रश्नाच्या उत्तरांतून सॉकेटाच्या निरनिराळ्या जाती जन्मल्या आहेत.

जुन्या काळी लाकूड कोरून निमुळते भोक पाडीत आणि मांडी त्यात बुचासारखी बसवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे चौकोनी सॉकेटाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. यात चार भिंती असतात, आणि मागच्या भिंतीच्या काठावर बैठकीचे हाड टेकते. लाकडी पाटावर बसले असता जे हाड खाली रुतते, तेच हे. मागून आधार देऊन ते हाड काठावरून घसरू नये म्हणून पुढची भिंत मांडीला आत दाबते. त्यामुळे हे सॉकेट मागेपुढे अरुंद आणि आडवे रुंद असते. पण त्या आडव्या रुंदीतच त्याचा दोष आहे. आत मांडीचे हाड बाहेरच्या बाजूला कलते आणि माणूस चालताना त्या अंगाला झुकतो. यावर तोड म्हणून १९७० नंतर अमेरिकेत आयव्हन लाँग आणि पुढे १९८५ च्या सुमारास जॉन साबोलिच यांनी उलट आकार पुढे आणला. हे सॉकेट आडवे अरुंद असते, आणि बैठकीचे हाड काठावर न टेकता काठाच्या आत धरलेले असते. अलीकडे तिसरी जात आली. तिचा काठ बैठकीच्या हाडाच्या खालीच थांबतो, आणि भार सगळ्या मांडीभोवतीच्या दाबावर पेलला जातो.

तेव्हा जात ओळखण्याची खूण अगदी साधी आहे. सॉकेट घालून उभे राहावे आणि बैठकीचे हाड काठावर आहे, काठाच्या आत आहे, की काठाच्या वर आहे, ते तंत्रज्ञाला विचारावे. जमिनीवर बसणाऱ्या आपल्या लोकांनी तर हे विचारलेच पाहिजे, कारण उंच काठ बसताना रुततो.

परंतु आकार हा एकच प्रश्न नव्हे. सॉकेट कशाचे आहे, हा दुसरा प्रश्न. ते पायाला धरून कसे राहते, कमरेच्या पट्ट्याने, हवेच्या ओढीने की आतल्या मऊ मोज्याच्या खिळीने, हा तिसरा. अरुंद सॉकेट कडकही असू शकते, लवचिकही. पट्ट्याचेही असते, हवेचेही. आमच्या मते बिलातला सगळा घोटाळा हे तीन प्रश्न एकत्र कालविल्यामुळे होतो.

अमेरिकेत सरकारी विम्यासाठी प्रत्येक गोष्टीला क्रमांक दिलेला आहे. एल ५३२१ हा मांडीवरच्या मूळ पायाचा क्रमांक, आणि त्यात साचा घेऊन केलेले सॉकेट धरलेलेच असते. त्यावर वाढीव कलमे चढतात : सर्वांगाला टेकणारे सॉकेट असेल तर एल ५६५०, आत लवचिक आणि बाहेर चौकट असेल तर एल ५६५१, हवेच्या ओढीचे असेल तर एल ५६५२. शिंप्याने शिलाई वेगळी, अस्तर वेगळे, काजे वेगळी लिहावीत, तसाच हा प्रकार. यातले एल ५६४९ हे कलम मोठे मौजेचे आहे. 'बैठकीचे हाड आत धरणारे / आडवे अरुंद', असे मध्ये तिरकी रेघ घालून त्याचे शब्द आहेत. आता वर सांगितलेले तिसऱ्या जातीचे सॉकेट हाड आत धरत नाही. पण ते आडवे अरुंद असले, तर या कलमात बसते की नाही? शब्दावर बोट ठेवणारा 'हो' म्हणेल, हेतू पाहणारा मान हलवील. नवी वस्तू जुन्या नावाखाली बसवावी लागली की नाव पैशाकडे ओढले जाते.

आपल्याकडे दुखणे उलटे आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी निघाले. जयपूरला १९६८ मध्ये रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी रबरी पाऊल सिद्ध केले. ते अनवाणी चालते, चिखलात चालते. त्याची कीर्ती सार्थच आहे. पण त्या पावलाचे नाव इतके गाजले, की सबंध पायालाच लोक 'जयपूर फूट' म्हणू लागले आणि सॉकेट बिचारे नावावाचून राहिले. वास्तविक जयपूरच्या पद्धतीत सॉकेटासाठी शेतात पाणी नेणाऱ्या पाइपाच्याच जातीचे प्लास्टिक तापवून साच्यावर चढवितात, आणि ते काम पावलाहून निराळे व तितक्याच कसबाचे आहे.

नाव नसल्याचा तोटा लवकर दिसतो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षात खुंट सुकत जातो, आणि नीट बसलेले सॉकेट काही महिन्यांतच ढिले होते. बदलावयाचे असते फक्त सॉकेट. पण पावतीवर 'एक नग' असला, तर पैसे देणारी संस्था विचारते की पाय तर गेल्या वर्षीच दिला, मग पुन्हा कशाला? मग माणूस चिंध्या कोंबून चालतो, जखम होते, आणि पाय खुंटीला टांगला जातो. अपघाताच्या दाव्यातही हेच नडते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, कृत्रिम पाय पुन्हा घ्यावा लागतो आणि त्याची दुरुस्ती चालूच राहते, हे धरून भरपाई वाढविली. पण किती वेळा आणि कोणता भाग, हे दाखविणारा कागद ज्याने त्याने आणावयाचा आहे.

म्हणून पावती मागताना सॉकेटाची ओळ वेगळी मागावी. तीत दुकानी नाव नको. काठ बैठकीच्या हाडाच्या कोठे आहे, सॉकेट कशाचे आहे, धरून कशाने राहते, साचा कोणत्या तारखेला घेतला आणि त्या दिवशी खुंटाचा घेर किती होता, एवढे मराठीत लिहून मिळाले तरी पुरे. सहा महिन्यांनी तोच घेर पुन्हा मोजला आणि तो कमी भरला, म्हणजे दुसऱ्या पावतीवर लिहिता येते : सॉकेट नवे, गुडघा, नळी व पाऊल पूर्वीचेच.