विजेच्या जुन्या बोर्डाची पाहणी व अहवाल

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या वाड्यांत किंवा विहिरीवरील मोटारीच्या खोलींत विजेचा एखादा जुना बोर्ड असेलच. लांकडी फळी, तीवर चिनीमातीच्या फ्यूजच्या डब्या, शेजारीं लोखंडी मेन स्विच. दिवे लागतात व पाणी वाहतें तोंपर्यंत त्याकडे कोणी पाहत नाहीं.

आरंभींच एक खुलासा करणें अवश्य आहे. खेड्यांत ‘डीपी’ म्हटलें म्हणजे लोक ट्रान्स्फॉर्मर व त्याखालची पेटी समजतात. त्या पेटीस शेतकऱ्यानें हात लावावयाचा नाहीं. तें वीज कंपनीचें काम. येथें विचार करावयाचा तो मीटरपुढील बोर्डाचा. मीटरपर्यंतची व्यवस्था कंपनीकडे असते. त्यापुढील तारा, फ्यूज, स्विच व अर्थिंग हीं ग्राहकानें सांभाळावयाचीं.

प्रस्तुत लेखक विजेचा कारागीर नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करून सेवानिवृत्त झालेला. परंतु याच प्रकरणीं त्यास खात्यांतील जुनी संवय उपयोगीं पडली, ती हकीकत सांगतों. चार वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत स्टार्टरच्या लोखंडी पेटीस हात लागतांच आमच्या सालदारास जबर झटका बसला. बाजूस फेकला गेला म्हणून वांचला. मीं वायरमनास चिठ्ठी धाडली, “बोर्ड खराब आहे, पाहून जावें.” तो आला, एका डबींत नवी तार घातली व गेला. तिसऱ्या दिवशीं पुन्हा तोच प्रकार! दोष माझ्या चिठ्ठीचाहि होता. ‘पीक खराब आहे’ एवढेंच लिहिलेला पंचनामा आमच्या कचेरींत कोणीं स्वीकारला असता काय?

दुसऱ्या वेळीं परवानाधारक वायरमन बोलावून वीज बंद करविली. त्यानें एकेक भाग उघडावा व मीं लिहावें, असें ठरलें. दोन गोष्टी निघाल्या. पेटींत शिरणाऱ्या तारेचें वेष्टण पत्र्याच्या कडेस घासून उघडें पडलें होतें. आणि अर्थिंगची तार खड्ड्यापाशीं गंजून तुटली होती. म्हणजे पेटींत वीज उतरत होती व तिला जमिनींत जाण्यास वाट नव्हती. फ्यूज बदलून यांतील कांहींच सुधारणार नव्हतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. अर्थिंग शाबूत असलें म्हणजे फ्यूज उडेलच असें नाहीं. खड्ड्याचा रोध २० ओहम असेल, तर २३० व्होल्टच्या दाबानें जमिनींत जाणारा प्रवाह साडेअकरा अँपिअरपलीकडे जात नाहीं. १५ अँपिअरचा फ्यूज तेवढ्यानें वितळत नाहीं. वैशाखांत जमीन कोरडी पडली म्हणजे रोध आणखी वाढतो. म्हणून गळती ओळखून वीज तोडणारा निराळा स्विच, ज्यास आरसीसीबी म्हणतात, बसवितात. मनुष्याच्या रक्षणासाठीं तो ३० मिलिअँपिअरचा घेतात. तो बसविला म्हणून अर्थिंग सोडून देऊं नये.

आतां पाहणीविषयीं. मेन स्विच बंद केला तरी त्याकडे येणाऱ्या तारा जिवंतच राहतात, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. झांकण परवानाधारकानेंच उघडावें. मालकानें पाहावें, वास घ्यावा, लिहावें. जुन्या बोर्डांत न्यूट्रललाहि फ्यूज घालण्याची रीत होती. तो उडाला तर दिवे विझतात, पण फेजची तार चालूच असते, आणि मनुष्य निर्धास्तपणें हात घालतो. असा फ्यूज आढळल्यास तो काढून तेथें सलग जोड करवावा. सुती वेष्टणाच्या रबरी तारा असतील तर त्या वांकवूं नयेत. कित्येक दशकांनीं रबर कडक होऊन भुगा होतो. अॅल्युमिनियमच्या तारा स्क्रूखालीं सैल पडतात व तापतात. लांकूड काळवंडलेलें दिसल्यास तेथें विशेष पाहावें. कुंभारणीचें घर, उंदरांच्या लेंड्या, पावसाचे ओघळ हेंहि लिहावें.

फ्यूजची तार तर अवश्य पाहावी. कलई केलेली तांब्याची तार ५ अँपिअरला सुमारें ०.२ मिलिमीटर, १५ अँपिअरला ०.५ मिलिमीटर जाडीची असते. वारंवार उडतो म्हणून केबलमधील पदर पिळून घालणारे शहाणे गांवोगांवीं आहेत. मग फ्यूज वितळण्याआधीं भिंतींतली तार तापून पेटते. वायरमनाकडून मेगरनें ५०० व्होल्टवर तारा व जमीन यांमधील रोध मोजवावा. तो १ मेगओहमहून कमी आल्यास कारण शोधावें.

अहवालांत तारीख, हजर असलेल्यांचीं नांवें, ग्राहक क्रमांक, गट नंबर व बोर्डाची जागा लिहून प्रत्येक डबीस क्रमांक द्यावा. ‘तिसरा फ्यूज खराब’ असें न लिहितां ‘क्रमांक ३ : डबी काळी, आंत जाड तार, स्क्रू सैल’ असें लिहावें. डोळ्यांनीं पाहिलेलें, मोजलेलें आणि ऐकीव हीं वेगळीं ठेवावीं. भिंतीआडचें पाहतां आलें नाहीं तर तसेंहि नमूद करावें. नाहींतर वाचणारा तें पाहून ठीक आढळलें असें समजतो. कोणतें काम होईपर्यंत वीज बंद ठेवावयाची व कोणतें पावसाळ्याआधीं करावयाचें, तें वायरमनाकडून लिहवून त्याची सही घ्यावी. मोबाईलवर छायाचित्र काढणें आतां सर्वांस साध्य आहे.

विजेमुळें मनुष्य किंवा जनावर दगावलें अथवा जखमी झालें, तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६१ अन्वयें विद्युत निरीक्षकास वर्दी द्यावी लागते. बैल दगावला तरी वर्दी द्यावयाची, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अशा वेळीं वीज तोडून घ्यावी, परंतु चौकशीपूर्वीं बोर्डाची दुरुस्ती करूं नये. आधींचा सहीचा अहवाल असल्यास तोहि चौकशींत दाखवावा.

आमच्या विहिरीवर नवी केबल, नवें अर्थिंग व गळतीचा स्विच बसला. वाड्यांतील फळीची पाहणी मात्र त्यानंतर केली, आणि तेथें सात डब्यांपैकीं चारांत जाड तार निघाली. त्यांतील दोन मींच पूर्वीं घातल्या होत्या.