लसीकेची वाट (भाग ६) : बोटांच्या बेचक्यात

भंडारा जिल्ह्यात पवनीच्या बाजूला आमचं गाव. धानाचा मुलूख. रोवणी सुरू झाली की शेजारच्या आजींना ताप यायचा. दर वर्षी, न चुकता. आषाढात पहिला आणि बहुतेक वेळा पोळ्याच्या आधी दुसरा. हुडहुडी भरायची, जांघेत अवधान यायचं आणि गुडघ्याखालचा पाय लाल होऊन असा तापायचा की पांघरुणाचा स्पर्शही त्यांना सहन व्हायचा नाही. चार-पाच दिवसांनी ताप उतरायचा, पाय मात्र पूर्वीएवढा होत नसे. दर पावसाळ्यात तो थोडा जाड होत गेला. “पाणी लागलं,” एवढंच त्या म्हणायच्या. लग्नाकार्याला जाणं त्यांनी कधीच सोडलं होतं. घरी कुणी आलं तर लुगड्याचा काठ पावलावर ओढून बसायच्या. हत्तीपाय हा शब्द त्यांच्यासमोर कुणी उच्चारत नसे.

मागच्या भागात आपण १८७७ सालच्या अमॉय बंदरात थांबलो होतो. पॅट्रिक मॅन्सनने तिथे डासाच्या पोटात फायलेरियाच्या जंतांची पिल्लं वाढताना पाहिली आणि या रोगाचं मूळ सापडलं. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं जवळजवळ सगळं लक्ष दोनच गोष्टींवर राहिलं: जंत आणि डास. सुजलेला पाय मागे पडला. या आठवड्यात त्या पायाकडे पुन्हा लक्ष वेधलं कुणी, ते पाहू.

आधी पाय सुजतो कसा ते. रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं आणि पेशींच्या मधे उरलेलं पाणी गोळा करून परत रक्तात सोडायचं, हे लसीकावाहिन्यांचं काम आपण पहिल्या भागात पाहिलं. दिवसाला दोन-तीन लिटर. यांना हृदयासारखा पंप नाही. वाहिनीची स्वतःची आकुंचनं, शेजारच्या स्नायूंचा दाब आणि आतल्या झडपा, एवढ्या बळावर हे पाणी पावलापासून गळ्याखालपर्यंत चढतं. फायलेरियाचे दोऱ्यासारखे प्रौढ जंत नेमके या वाहिन्यांमध्ये घर करतात आणि पाच-सात वर्षं तिथे जगतात. वाहिनी फुगते. फुगली की झडपांच्या पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत आणि चढलेलं पाणी खाली घसरतं.

इथवरची गोष्ट पुस्तकांत होतीच. चूक होती ती पुढच्या पायरीत. ताप येतो, पाय लाल होतो, त्या तापालाही जंतच जबाबदार धरला जाई. म्हणून प्रत्येक तापाला जंतावरची गोळी, डीईसी. गोळी देऊनही पुढच्या पावसाळ्यात ताप यायचा, आणि डॉक्टर व रोगी दोघंही हताश व्हायचे. ‘हत्तीपायाला औषध नाही’ ही समजूत गावागावांत पक्की झाली ती अशी.

ही समजूत हलवली ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या डॉक्टरांनी. रेसिफे म्हणजे पेर्नांबुको राज्याची समुद्रकाठची राजधानी: दमट हवा, तुंबलेली गटारं, क्यूलेक्स डासांचं माहेरघर. तिथे डॉ. जेरूझा ड्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी सोनोग्राफीचा एक विलक्षण उपयोग करून पाहिला. पुरुषांच्या वृषणाजवळच्या लसीकावाहिन्यांवर त्यांनी प्रोब धरला तर पडद्यावर जिवंत जंत वळवळताना दिसले, क्षणभरही न थांबणारे. ‘फायलेरियाचा नाच’ असं या दृश्याला नाव पडलं. १९९४ साली ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ज्यांना काहीही त्रास नव्हता अशा माणसांतही हा नाच चालू होता. जंत जिवंत असताना वाहिनी फुगते, पण ना दुखत, ना ताप येत. जंत मरतो तेव्हा त्या जागी गाठ येते, दोरीसारखी शीर लागते, क्वचित थोडा ताप येतो आणि बहुधा आपोआप निवळतं.

मग हुडहुडी भरून येणारा, पाय लाल करणारा ताप कुठला? ड्रेयर यांचा गट रोग्यांच्या पायांशी बसून पाहू लागला, आणि त्यांना फटी दिसल्या. बोटांच्या बेचक्यांत पांढरी पडलेली, भिजून सुटलेली कातडी. आपण तिला चिखल्या म्हणतो. त्या भेगांतून त्वचेवरचे जिवाणू आत शिरतात. निरोगी पायात लसीका त्यांना उचलून ग्रंथींकडे नेते आणि तिथे त्यांचा निकाल लागतो. सुजलेल्या पायात पाणी साचून राहिलेलं, त्यात प्रथिनं मुबलक. जिवाणूंना याहून चांगली जागा कोणती? ताप येतो तो त्यांचा. आणि प्रत्येक ताप उरल्यासुरल्या वाहिन्या खराब करून जातो, कातडी जाड करून जातो. म्हणजे पाय हत्तीसारखा होतो तो जंताने सुरुवात केल्यावर, पण मोठ्या अंशी या तापांमुळे.

हे वाचलं तेव्हा मला आजी आठवल्या. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावायचे, संध्याकाळी ओल्या पायांनीच चुलीपुढे बसायचं. त्यांचा ताप आषाढातच का यायचा, याचं उत्तर त्यांच्या करंगळीशेजारी होतं.

रेसिफेतल्या शोधाचं मोल यातच आहे. जंताने निकामी केलेली वाहिनी पूर्ववत करता येत नाही. चिखल्या बऱ्या करता येतात. साबण, स्वच्छ पाणी, कोरडं फडकं, भेगांवर बुरशीनाशक मलम, रात्री पाय उशीवर, दिवसा घोट्याची हालचाल. या साध्या काळजीने तापाचे झटके कमी होतात, काहींचे थांबतातही. हेच हैतीतल्या लेओगान गावच्या दवाखान्यातही दिसून आलं.

पण रोज दोनदा, आयुष्यभर, हे करायचं कुणाच्या सांगण्यावरून? ज्याला वीस वर्षं ‘यावर उपाय नाही’ असंच ऐकवलं गेलं, तो डॉक्टरने दिलेल्या छापील कागदावरून धुवायला लागत नाही. म्हणून रेसिफेत ‘आशा क्लब’ निघाले. रोगी ठरलेल्या दिवशी जमत. ज्याचे झटके थांबले आहेत तो नव्याला शिकवी. चप्पल उघडून आपलं पाऊल दाखवी. आयुष्यभर पाय लपवलेल्या माणसाने तो चारचौघांत उघडा करायचा, यासाठी लागणारं धाडस मी त्या लुगड्याच्या काठावरून ओळखते. माझ्या मते ड्रेयर यांच्या कामातला मोठा शोध सोनोग्राफीपेक्षा हा आहे, की या रोगाबद्दलची जागृती रोग्याने रोग्याला केली तर ती टिकते.

१९९७ साली जागतिक आरोग्य सभेने हत्तीरोग संपवण्याचा ठराव केला आणि २००० साली जागतिक मोहीम उभी राहिली तेव्हा तिचे दोन हेतू ठरले: प्रसार थांबवणं आणि आधीच त्रास भोगणाऱ्यांची काळजी घेणं. पहिला हेतू मोजायला सोपा. किती जणांनी गोळ्या घेतल्या, रात्री घेतलेल्या रक्ताच्या थेंबात किती जणांत पिल्लं सापडली, हे आकडे तक्त्यात बसतात. दुसऱ्यासाठी घरोघरी जाऊन लुगड्याचा काठ बाजूला करायला सांगावं लागतं.

भारतात हे अंतर ठळक दिसतं. १९५५ पासून आपल्याकडे राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम आहे, २००४ पासून सामुदायिक औषधोपचार आहे. जगातल्या हत्तीरोगाच्या ओझ्यापैकी सुमारे ४० टक्के भारतावर आहे. गोळ्यांच्या मोहिमेत विदर्भाने मोठं काम केलं आहे. डीईसी आणि अल्बेंडाझोलला आयव्हरमेक्टिनची जोड देणारी तीन औषधांची मोहीम देशात ज्या थोड्या जिल्ह्यांत आधी आली, त्यांत नागपूर होतं. सेवाग्रामला डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तचाचण्यांवर अनेक वर्षं खपून संशोधन केलं. तरीही गावात आशाताई गोळ्या घेऊन आली की लोक विचारतात, “आम्हाला काय झालंय?” आणि ज्यांना खरंच झालंय ते म्हणतात, “आता आम्हाला काय उपयोग?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याला मोहिमेकडे उत्तर तयार असतं: पिल्लं रक्तात असूनही वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. दुसऱ्या प्रश्नावर बरेचदा सगळे गप्प होतात.

त्या गप्प बसण्याला दक्षिणेत एक चांगलं उत्तर मिळालं. केरळच्या कासरगोडमध्ये त्वचारोगतज्ज्ञ डॉ. एस. आर. नरहरी यांनी ऑक्सफर्डच्या डॉ. टेरेन्स रायन यांच्या साथीने एक पद्धत बसवली. त्वचेची निगा आणि दाबाच्या पट्ट्या आधुनिक वैद्यकातल्या, काढ्यात पाय भिजवणं आणि तेल आयुर्वेदातलं, श्वास आणि हालचाल योगातली. रोगी आणि नातेवाईक दोघांनाही शिकवून घरी पाठवतात. मला यात आवडतं ते असं, की तेल लावणं, श्वास घेणं ही आपल्या माणसाच्या हातातली कामं आहेत. ती करताना माणूस फक्त रोगी उरत नाही.

श्रीमंत देशांत हत्तीरोग नाही, पण सुजलेले हात-पाय आहेत. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथी काढल्यावर हात सुजतो. काही मुलांच्या लसीकावाहिन्या जन्मतःच अपुऱ्या असतात. अमेरिकेत या विषयाला वाचा फोडली ती प्रामुख्याने आयांनी. वेंडी चेट यांनी मुलीच्या आजारापायी १९९८ साली संशोधनाला पैसा मिळवून देणारी संस्था काढली. पुढे दोन्ही हातांना सूज घेऊन जगणाऱ्या अभिनेत्री कॅथी बेट्स तिचा आवाज झाल्या. हीदर फर्ग्युसन यांचा लढा आणखी साध्या गोष्टीसाठी होता. सूज आवरणारे दाबाचे मोजे आणि बाह्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात बसत नव्हत्या, कारण त्या विम्याच्या कुठल्याच रकान्यात ‘मोजा’ नव्हता. विधेयक पहिल्यांदा २०१० साली मांडलं गेलं, कायदा झाला डिसेंबर २०२२ मध्ये, अमल १ जानेवारी २०२४ पासून. एका रकान्यासाठी बारा वर्षं.

ब्राझीलने २०२४ साली हत्तीरोग हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याची मान्यता मिळवली. शेवटचा टापू रेसिफेच्याच आसपासचा होता. ही मान्यता देताना जागतिक आरोग्य संघटना सुजलेल्या पायांचाही हिशेब मागते: किती रोगी, त्यांना काळजी कुठे मिळते. भारताने २०२७ चं लक्ष्य ठेवलं आहे, तेव्हा हा हिशेब आपल्यालाही द्यावा लागेल. आपल्याकडे रोग्यांना किट मिळतं: टब, मग, साबण, टॉवेल, मलम. किट मिळालं असेल तर उत्तमच. पण ते वापरून दाखवणारं कुणीतरी शेजारी बसायला हवं, आणि मला वाटतं ते काम गावातल्याच दुसऱ्या रोग्याने करावं.

घरात असा पाय असणाऱ्यांनी विचारलं म्हणून सांगते. पाणी साधं, कोमट नको, गरम तर नकोच. साबण हाताने, घासणी नको. दोन्ही पाय धुवायचे, बरा वाटणाराही. कातडीच्या घड्यांतलं पाणी टिपायचं, चोळायचं नाही. ताप चढला, पाय लाल झाला तर व्यायाम बंद, थंड पाण्याची घडी, पाय उंच आणि त्याच दिवशी डॉक्टर.

टॉवेल बोटांच्या बेचक्यात नीट शिरत नाही. आमच्याकडे जुन्या लुगड्याच्या मऊ चिंध्या असायच्या. धुऊन वाळवलेली तशी एक चिंधी घ्यायची आणि बेचकी एकेक करून कोरडी करायची. सगळ्यात शेवटी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यामधली; ती सगळ्यात अरुंद असते आणि भेगा बहुतेकदा तिथेच पडतात.