महारुखाची साल : नामसाम्य व औषधी ओळखीचा प्रश्न (बीड जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :
बीडसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात बांधावर व रस्त्याच्या कडेला वाढणारा महारुख (एलॅन्थस एक्सेल्सा) हा सिमारुबेसी कुळातील उंच, पानझडी वृक्ष होय. त्याचा पाला शेळ्या-मेंढ्यांना चारा म्हणून उपयोगी पडतो, तर हलके लाकूड आगकाड्यांसाठी वापरले जाते. त्याची कडू साल आयुर्वेदात ‘अरलू’ या नावाने अतिसारावर सांगितली आहे.

चिनी वैद्यकातील समांतर उदाहरण :
याच प्रजातीतील एलॅन्थस अल्टिसिमा या वृक्षाची साल चिनी वैद्यकात ‘छुन-पी’ नावाने जुलाब, आमांश व रक्तस्राव यांवर दिली जाते. दोन्ही सालींचा कडवटपणा क्वासिनॉइड वर्गातील संयुगांमुळे येतो. तथापि दोन्ही वृक्षांतील संयुगे सारखी नसल्याने एका सालीची मात्रा दुसरीस लागू करता येत नाही. चीनमध्ये सुवासिक पानांचा ‘छुन’ (टूना सायनेन्सिस) व दुर्गंधीयुक्त ‘छू’ (एलॅन्थस अल्टिसिमा) यांच्या साली परस्परांत मिसळत. ली शि-चेन यांच्या 1596 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पेन-त्साव कांग-मू’ या ग्रंथात दोहोंचा एकत्र विचार करून त्यांतील भेदही सांगितला आहे.

आपल्याकडील संभ्रम :
दशमुळातील श्योनाक म्हणजे टेटू (ओरोझायलम इंडिकम). हा बिग्नोनिएसी कुळातील वृक्ष आहे. काही निघंटूंत ‘अरलू’ हा श्योनाकाचाच पर्याय दिलेला असल्याने बाजारात टेटूऐवजी महारुखाची साल दिली जाते. टेटूची शेंग लांब, चपटी व तलवारीसारखी असते, तर महारुखाचे फळ लहान व पंखयुक्त असते. झाड उभे असताना हा फरक सहज कळतो. साल वाळवून तिचे चूर्ण केल्यावर मात्र ही ओळख नष्ट होते. टेटूच्या सालीत मुख्यत्वे बायकॅलीन, क्रायसिन इत्यादी फ्लॅव्होनॉइड असतात. त्यामुळे ही अदलाबदल केवळ नावापुरती राहत नाही, रुग्णाला मिळणारे द्रव्यच बदलते.

निष्कर्ष :
पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांकडे जाते. खोडाभोवती पूर्ण वलय सोलल्यास मुळांची उपासमार होऊन वृक्ष मरतो. म्हणून साल शक्यतो छाटलेल्या फांद्यांचीच घ्यावी. सोबत त्याच झाडाचे पान व फळ नमुना म्हणून ठेवावे आणि घाऊक खरेदीत सूक्ष्मदर्शकीय व रासायनिक तपासणी करावी. महारुख हे स्वतंत्र औषध आहे. त्याला दुसऱ्याच्या नावाने विकण्यात वृक्षाचे व रुग्णाचे दोघांचेही नुकसान आहे.