दादा, टाइमटेबल बघ ना!

मागच्या महिन्यात सबमिशनच्या ऐन गडबडीत घरून फोन आला. धाकट्या बहिणीचा. यंदा अकरावी सायन्सला गेलीय. "दादा, मी टाइमटेबल केलंय. पाठवते, बघ ना!" बघितलं. पहाटे चारला उठणे, रात्री अकराला झोपणे, मधे चौदा तास अभ्यास. जेवणाला वीस मिनिटं. आंघोळीचा तर उल्लेखच नाही! तीन रंगांच्या स्केचपेननं सजवलेला तो कागद बघून हसू आलं आणि पाठोपाठ जरा वाईटही वाटलं. कारण अगदी असंच टाइमटेबल मीही अकरावीत केलं होतं. ते भिंतीवर दोन वर्षं चिकटलेलं होतं. पाळलं गेलं चार दिवस.

मित्रांनो, तुम्हालाही असे फोन येत असतीलच. इंजिनिअरिंगला ऍडमिशन मिळाली की आपण गावातल्या समस्त अकरावी-बारावीवाल्यांचे सल्लागार होतो, मग स्वतःच्या दोन केट्या राहिलेल्या का असेनात! दिवाळीला घरी गेलं की "क्लास कुठला लावू?" हा प्रश्न ठरलेला. बहिणीला जे सांगितलं तेच इथे नीट मांडतोय. पटलं तर अंक घरी न्या आणि योग्य त्या हातात द्या.

परीक्षा एक नाही, तीन आहेत

पहिली गोष्ट ही की "बारावीचा अभ्यास" नावाची एकच गोष्ट नसते. बोर्ड, एमएचटी-सीईटी आणि जेईई या तिन्ही परीक्षांचा अभ्यासक्रम बराचसा सारखा आहे, पण त्या मागतात ते वेगवेगळं. साधं घड्याळ लावून बघू.

सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, तेही ९० मिनिटांत. म्हणजे एकाला ५४ सेकंद! जेईई मेनमध्ये ७५ प्रश्न आणि तीन तास, म्हणजे एकाला २ मिनिटं २४ सेकंद. वेळ जास्त आहे, कारण प्रश्न तसे आहेत. शिवाय तिथे बरोबर उत्तराला ४ मार्क आणि चुकीला १ मार्क वजा. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे हातचे मार्क सोडणं.

आता एकच धडा घ्या. बारावी फिजिक्सचा पहिला, रोटेशनल डायनॅमिक्स. यात्रेतल्या 'मौत का कुआँ'मध्ये मोटारसायकल भिंतीवरून खाली का पडत नाही, ते यात आहे. बोर्ड म्हणणार, त्याचं सूत्र आकृतीसह सिद्ध करून दाखवा. सीईटी म्हणणार, सिद्धता राहू द्या, त्रिज्या दुप्पट केली तर वेग किती पट लागेल ते सांगा, तेही ५४ सेकंदांत. जेईई त्यात घर्षण आणि ऊर्जा मिसळून असा प्रश्न देणार की कुठलं सूत्र लावायचं हेच आधी शोधावं लागतं.

म्हणून धडा शिकताना क्रम असा ठेवावा: आधी बोर्डाचं पुस्तक ओळ न् ओळ आणि सिद्धता हातानं लिहून, मग त्याच आठवड्यात त्याच धड्याचे सीईटीचे जुने प्रश्न घड्याळ लावून. जेईई द्यायची असेल तर त्यानंतर एनसीईआरटीचं पुस्तक आणि जेईईचे जुने पेपर. आम्ही उलटं केलं. क्लासचे जाडजूड संच आधी उघडले आणि बोर्डाचं पुस्तक जानेवारीत!

अकरावी कुठे गेली?

आमची बॅच जरा विचित्रच. २०२१ साली दहावीची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. अकरावी प्रवेशासाठी सीईटी घ्यायचं ठरलं, तीही हायकोर्टानं रद्द केली. औसा तालुक्यातल्या आमच्या गावातून मी लातूरला आलो, अकरावीचे सुरुवातीचे महिने मोबाईलवर गेले आणि मनानं ठरवून टाकलं की अकरावी म्हणजे विश्रांती. पण कोरोनाचं निमित्त तरी का सांगू? आमच्या आधीच्या आणि नंतरच्या बॅचेसचंही हेच झालेलं मी बघतोय. दहावीचा शीण घालवायला अकरावी, आणि "खरा अभ्यास" बारावीत!

हिशोब असा आहे. सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या निवडक धड्यांवर असतात. २०० मार्कांपैकी ४०. ही झाली उघड किंमत. लपलेली किंमत याहून मोठी. अकरावीतलं लिमिट कळलं नसेल तर बारावीतलं डिफरन्सिएशन म्हणजे नुसती पाठ केलेली सूत्रं. त्रिकोणमिती कच्ची असेल तर इंटिग्रेशनमध्ये पावलोपावली अडतं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या मूळ संकल्पना अकरावीतच आहेत. जेईईला तर अकरावी आणि बारावी दोन्हींचा अभ्यासक्रम आहे.

मी बारावीच्या दिवाळीनंतर अकरावीचं वर्तुळ आणि सरळ रेषा शिकायला बसलो. तेव्हा बाकीची मुलं सराव पेपर सोडवत होती. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

आपली मुलं आणि इंग्रजी शब्द

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल टाइमटेबलमध्ये कुणी लिहीत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला त्वरण, संवेग, जडत्व छान कळलेलं असतं. अकरावीत सर ऍक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया म्हणतात आणि त्याला वाटतं आपल्याला फिजिक्सच येत नाही. येत असतं हो! फक्त नाव बदललेलं असतं. मी पहिले दोन महिने शेवटच्या बाकावर गप्प बसलो ते याचमुळे.

उपाय फार साधा आहे. शंभर पानी वही घ्या, मधोमध रेघ मारा, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. रोज दहा शब्द. दिवाळीपर्यंत ही अडचण संपते. जेईई मेनची प्रश्नपत्रिका २०२१ पासून मराठीतूनही मिळते हे खरं, पण आधी विचार करा. दोन वर्षं इंग्रजीतून शिकल्यावर मराठी पेपर उलट परका वाटू शकतो, आणि पुढे इंजिनिअरिंगची बहुतेक पुस्तकं इंग्रजीतच भेटणार आहेत.

कॅलेंडर उलटीकडून वाचा

टाइमटेबल तासांचं करू नका, महिन्यांचं करा, आणि तेही शेवटाकडून. सीईटी एप्रिल-मेच्या सुमारास. त्याआधी एप्रिलमध्ये जेईई मेनचं दुसरं सत्र. फेब्रुवारी-मार्च बोर्डाची लेखी परीक्षा. त्याआधी प्रॅक्टिकल. जानेवारीत जेईई मेनचं पहिलं सत्र. म्हणजे डिसेंबर उजाडला की नवीन काही शिकायला वेळच नाही. मग बारावीचा अभ्यासक्रम संपायला हवा दिवाळीच्या आसपास. मग अकरावी संपायला हवी अकरावीतच! उलट वाचलं की अकरावी आपोआप जागेवर येते.

आठवड्याचं म्हणाल तर सहा दिवस शिकायचं आणि रविवारी सकाळी एक पेपर घड्याळ लावून सोडवायचा. दुपारी त्याच्या चुका बघायच्या. चुकांची वेगळी वही करा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: आलंच नाही, आकडेमोड चुकली, की प्रश्नच नीट वाचला नाही. मी ही वही बारावीच्या जानेवारीत सुरू केली. पहिल्याच पेपरात १७ चुका होत्या. त्यातले न येणारे प्रश्न फक्त ६, उरलेले ११ घाईचे! तोवर मी प्रत्येक चुकीवर एकच औषध घेत होतो, "अजून अभ्यास कर". आजार वेगळाच होता.

आणि प्रॅक्टिकल बुडवू नका. फिजिक्स-केमिस्ट्रीला लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३० मार्कांचं असतं. सीईटीतून इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायला बारावीत ठरावीक विषयांत खुल्या गटाला किमान ४५ टक्के लागतात, राखीव गटाला ४०. एनआयटी-आयआयटीला तर बारावीत ७५ टक्के (एससी-एसटीला ६५) किंवा आपल्या बोर्डात पहिल्या २० परसेंटाइलमध्ये असणं आवश्यक आहे. जेईईत चमकून बारावीत अडकायचं का?

परसेंटाइलचं गौडबंगाल

आमच्या गावात निकालाच्या दिवशी हमखास गोंधळ होतो. "पोराला ९० पडले!" म्हणून पेढे वाटले जातात आणि मग कट-ऑफ बघून घर शांत होतं. ९० परसेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत. त्याच्याइतके किंवा त्याहून कमी मार्क ९० टक्के मुलांना आहेत, एवढाच त्याचा अर्थ. सीईटी अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून मुलाची तुलना त्याच्याच सत्रातल्या मुलांशी केली जाते.

समजा तीन लाख मुलं बसली. मग एक परसेंटाइल म्हणजे तीन हजार मुलं. ९० परसेंटाइलवाल्याच्या पुढे तीस हजार, ९९ वाल्याच्याही पुढे तीन हजार. हे घाबरवायला सांगत नाही. ऑप्शन फॉर्म भरताना स्वप्न, शक्यता आणि खात्री अशी तिन्ही प्रकारची कॉलेजं का लिहायची, ते यातून कळतं. २०२५ पासून कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर ती जागा आपोआप पक्की होते. म्हणून पहिली पसंती घरच्यांशी बोलून, विचार करून लिहा.

कागदांचा पेपर

आता जे मला सगळ्यात महाग पडलं ते. मी ओबीसी. सीईटीत परसेंटाइल बरा आला होता. पहिल्या फेरीत हवं ते कॉलेज, हवी ती ब्रँच लागली. अप्पांनी शेजारीपाजारी साखर वाटली. जात वैधता प्रमाणपत्रासाठी मात्र आम्ही अर्ज केला होता बारावीची परीक्षा संपल्यावर. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांची शाळा चौथीतच सुटलेली. त्यांचा दाखला शोधायला अप्पांनी दोन गावच्या शाळांत खेपा घातल्या. एका रजिस्टरात नाव वेगळं, दुसऱ्यात आडनावच नाही. अर्जाच्या पावतीवर प्रवेश झाला, पण दिलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही. जागा गेली. पुढे खुल्या गटातून या कॉलेजात आलो.

इथे मी रमलो, ते वेगळं. पण त्या संध्याकाळी अप्पा ओसरीवर बसून एवढंच म्हणाले, "तू तुझं काम केलतास, माझंच राहिलं." ते वाक्य अजून जात नाही. चूक त्यांची नव्हतीच. हा पेपरही मीच सोडवायचा होता, अकरावीत.

म्हणून अकरावीतच यादी करा: डोमिसाईल, जातीचा दाखला, वैधता, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला. वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत अकरावीतच टाका. नॉन-क्रिमिलेअरची मुदत कोणत्या ३१ मार्चला संपते ते वाचा. जेईईला केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते बघा. मुलींनी तर उत्पन्नाचा दाखला विसरूच नये. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

शेवटची सूचना: नियम आमच्यासारख्या दादा-ताईंकडून ऐकू नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. राज्यातले इंजिनिअरिंगचे प्रवेश २०१४ आणि २०१५ मध्ये जेईई मेनवर झाले, २०१६ ला पुन्हा सीईटी आली, २०१९ ला ती कॉम्प्युटरवर गेली. मोठ्या भावाचा अनुभव जुना व्हायला एक वर्ष पुरतं.

बहिणीला मी नवीन टाइमटेबल करून पाठवलं नाही. तिलाच म्हणालो, चौदाचे सहा तास कर, झोप सात तास ठेव, रविवारी पेपर सोडव आणि उद्या अप्पांना घेऊन शाळेत जा. आजोबांचा दाखला माझ्या फायलीत आहेच, त्याची प्रत काढ, फोटो पाठव.

काल रात्री तिचा मेसेज आला. टाइमटेबलचा नव्हता. वैधतेच्या अर्जाच्या पावतीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, "दादा, एक पेपर झाला. आता लिमिट शिकव."