पळताना नेम लागत नाही

आपल्या शाळेत मी कॅडेट्सना हत्यार प्रशिक्षण शिकवतो. नोकरीची एकवीस वर्षे झाली. या काळात 'पोझिशन धर' म्हणून किती जणांवर ओरडलो असेन, याचा हिशेब नाही. गेल्या उन्हाळ्यात मात्र पाळी माझ्यावर आली. ओरडणारा होता माझा मुलगा, आणि मैदान होते लॅपटॉपचे.

मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, वसतिगृहात. मी इथे राजस्थानात. फोनवरचे आमचे बोलणे चार वाक्यांवर आले होते. जेवलास का? हो. पैसे आहेत का? आहेत. अभ्यास? चालू आहे. बरं, ठेवतो. सुट्टीवर घरी साताऱ्याला गेलो, तर हाच मुलगा रात्री हेडफोन लावून मित्रांशी तासभर न थांबता बोलताना दिसला. म्हणजे पोरगा अबोल नव्हता. दुसऱ्या दिवशी मी विचारले, "मला शिकवशील का हा खेळ?" तो हसला नाही, एवढे बरे.

खेळाचे नाव काउंटर-स्ट्राइक. 'हाफ-लाइफ' नावाच्या एका जुन्या खेळात फेरफार करून मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन हौशी तरुणांनी १९९९ मध्ये तो तयार केला. पुढच्या वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने तो स्वतःकडे घेऊन बाजारात आणला. आजची आवृत्ती २०२३ ची. दोन्ही बाजूंना पाच-पाच जण असतात. एक बाजू ठरलेल्या दोन जागांपैकी एकीवर बॉम्ब लावायला येते, दुसरी तिला अडवते. बॉम्ब लागला की ४० सेकंदांत फुटतो. आधीच्या आवृत्तीला अमेरिकेत १७ वर्षांवरील मुलांसाठी असे मानांकन होते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. माझा मुलगा अठरा पूर्ण आहे. आठवी-नववीच्या कॅडेट्सनी हा लेख घरी दाखवून हट्ट धरू नये.

मला वाटले होते, खरी रायफल हाताळणाऱ्याला हे काय अवघड! पहिल्या दिवशी मी एकही गडी न टिपता अकरा वेळा मेलो.

आधी बोटांचे सांगतो. डाव्या हाताचे मधले बोट 'डब्ल्यू'वर, त्याच्या शेजारची दोन 'ए' आणि 'डी'वर. डब्ल्यू पुढे, एस मागे, ए डावीकडे, डी उजवीकडे. करंगळी शिफ्ट आणि कंट्रोलसाठी, अंगठा स्पेसबारवर. शिफ्ट दाबून ठेवले की माणूस सावकाश चालतो, कंट्रोलने खाली बसतो, स्पेसबारने उडी मारतो. उजव्या हातात माऊस. बघणे, वळणे आणि गोळी झाडणे त्याच्याकडे. 'आर' म्हणजे मॅगझिन बदलणे, 'ई' म्हणजे दार उघडणे किंवा बॉम्ब निकामी करणे.

हे पाठ व्हायला दहा मिनिटे लागतात. हातात बसायला मला तीन आठवडे लागले. अडचण अशी की पाय एका हातात आणि डोळे दुसऱ्या हातात असतात. एका दिशेला बघत दुसऱ्या दिशेला चालायचे असते, आणि सुरुवातीला माणूस जिकडे बघतो तिकडेच जातो. मुलाने मला रिकाम्या नकाशात सोडले आणि सांगितले, "त्या खांबाकडे बघत त्याच्याभोवती फिरा. नजर हलली नाही पाहिजे." अर्धा तास मी खांबाला प्रदक्षिणा घालत होतो. सौ. चहा घेऊन आल्या, बघितले आणि काही न बोलता परत गेल्या.

दुसरी चूक खास आमच्या पेशाची. खऱ्या हत्याराची नळी आपण जमिनीकडे ठेवतो. ती सवय इतकी मुरलेली की माझा नेमाचा ठिपका सतत पायाशी. या खेळात उलट हवे. समोर कोणी नसतानाही ठिपका डोक्याच्या उंचीवर आणि पुढच्या कोपऱ्याच्या कडेवर धरायचा. शत्रू दिसल्यावर नळी वर उचलण्यात जो अर्धा सेकंद जातो, तेवढ्यात समोरच्याचे काम झालेले असते. (रेंजवर असली सवय कोणी दाखवली तर गाठ माझ्याशी आहे.) शिवाय या खेळात लेट पोझिशन नाहीच. पहिल्या आठवड्यात गोळीबार सुरू झाला की मी आडवे पडायचे बटण शोधत बसायचो.

पण सगळ्यात मोठा धडा थांबण्याचा. चित्रपटात नायक धावत गोळ्या झाडतो आणि दहा जण लोळवतो. इथे धावत झाडलेली गोळी कुठेही जाते, कारण खेळातच तशी योजना आहे: वेग बराच कमी झाल्याशिवाय गोळी सरळ जात नाही. मुलाने मला भिंतीसमोर उभे केले. धावत दहा गोळ्या मारायला लावल्या. भोके बैलगाडीच्या चाकाएवढ्या घेरात पसरली. मग थांबून एकेक करून दहा; सगळी भोके तळहाताएवढ्या जागेत. ग्रुपिंगच की! जी गोष्ट मी रोज शिकवतो ती मला भिंतीवर दाखवावी लागली.

आता थांबायचे कसे? उजवीकडे जाताना 'डी' दाबलेले असते. ते सोडले तरी माणूस लगेच थांबत नाही, किंचित घसरतो. म्हणून 'डी' सोडताच उलट्या दिशेच्या 'ए'ला नुसती टिचकी मारायची. गती तिथल्या तिथे मरते, आणि त्याच क्षणी गोळी. टिचकी लांबली तर माणूस डावीकडे चालू लागतो. हे अंगवळणी पडायला सर्वांत वेळ लागतो, पण हे आल्याशिवाय बाकीचे सगळे फुकट.

वेगाला आणखी एक किंमत आहे, आवाजाची. धावणाऱ्याची पावले शत्रूला ऐकू जातात, हेडफोनमधून दिशाही कळते. शिफ्ट दाबून चालले तर आवाज होत नाही, पण वेग जवळजवळ निम्मा होतो. हातातल्या वस्तूप्रमाणेही वेग बदलतो: सुरी घेऊन माणूस सर्वांत जलद, एके-४७ घेऊन त्याहून मंद, जड स्नायपर घेऊन आणखी मंद. म्हणून सुरक्षित टप्प्यात सुरी काढून पळतात आणि धोक्याच्या कोपऱ्याआधी रायफल हातात घेतात.

संघाचे काय, तर सामन्यात आपली गोळी आपल्या गड्यालाही लागते. त्याच्या नेमाच्या रेषेत शिरायचे नाही. आणि खबर थोडक्यात द्यायची. नकाशातल्या जागांना ठरलेली नावे असतात. 'डस्ट २' या २००१ पासूनच्या प्रसिद्ध नकाशात लाँग, मिड, टनेल वगैरे. "लाँगला दोन, एक जखमी", बस्स. माझी पहिली खबर होती, "अरे, तिकडे कोणीतरी आहे, त्या भिंतीच्या पलीकडे..." आणि मी मेलो. दिशा, अंतर, लक्ष्य शिकवणारा उस्ताद!

सुट्टी संपून मी इकडे आलो, तरी रविवारी रात्री आम्ही खेळू लागलो. तो, त्याचे तीन मित्र आणि मी. अनोळखी लोकांचा आवाज बंद ठेवतो, कारण तिथली भाषा ऐकवत नाही. एकदा बॉम्ब लागलेला, तिघे मेलेले, उरलो आम्ही दोघे. मी डब्ल्यू दाबून बॉम्बकडे सुटलो. कानात ओरड आली, "अरे थांब! पावलं ऐक!"

मी थांबलो. टनेलमध्ये खरेच कोणी तरी चालत होते. मुलाने त्याला टिपले. मी जाऊन 'ई' दाबले, पण ४०० डॉलरचे किट घेतले नव्हते. किट असेल तर ५ सेकंद लागतात, नसेल तर १०. बॉम्ब आठव्या सेकंदाला फुटला.

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग तो म्हणाला, "सॉरी पप्पा, एकेरीत बोललो."

"ऑर्डर बरोबर होती," मी म्हणालो. "किट घ्यायला विसरलो ते माझं."

या खेळात मेलेल्याने फेरी संपेपर्यंत नुसते बघत बसायचे असते. कधी मिनिटभर, कधी जास्त. त्या रात्री पुढच्या एका फेरीत आम्ही दोघेही लवकर मेलो होतो, आणि मित्र खेळत होते. तो माझ्याशी एकट्याने बोलता येईल अशा फोनवर आला आणि म्हणाला, "पप्पा, गणितात राहिलोय. पहिल्या सेमिस्टरला." फेब्रुवारीपासून ते त्याच्या मनात होते. मी काही बोलणार, तेवढ्यात फेरी संपली आणि नवी सुरू झाली. मी तोंडात आलेले वाक्य गिळले. ते काही चांगले वाक्य नव्हते. दोन फेऱ्यांनी पुन्हा मेलो तेव्हा विचारले, "नक्की कुठे अडतं?" त्याने सांगितले. मला त्यातले फारसे कळले नाही, पण तो बराच वेळ सांगत राहिला.

आता रविवारी आधी तासभर तो गणित सोडवतो, मग साडेनऊला आम्ही खेळतो. सध्या तो मला उडी मारता मारता धुराचा गोळा फेकायला शिकवतो आहे. अंगठा आणि माऊसचे बोट एकाच वेळी हलत नाहीत. मागच्या रविवारी गोळा माझ्याच पायाशी पडला आणि अठरा सेकंद आमच्या पाचही जणांना काही दिसले नाही.